निखत बाजीची हत्यारं

एसटीत शेजारच्या बाईनं "काय करता जी तुमी?" असं विचारलं की निखत बाजी सरळ सांगायची, "हत्यारं बनवतो आमी." आणि खिडकीबाहेर बघत बसायची. पुढचं निस्तरायचं माझ्याकडे. मी घाईघाईनं सांगायचे की मावशी, खरी नाही हो, गोष्टीतली, आम्ही मोबाईलवर ऐकायची एक मालिका लिहितो, दोनशे वर्षांनंतरच्या वऱ्हाडातली, त्यात पाण्याची राखण करणारे लोक आहेत, त्यांना माणूस मारायला बंदी आहे, म्हणून त्यांना अशी हत्यारं लागतात ज्यानं समोरचा थांबेल पण मरणार नाही. एवढं होईपर्यंत मावशी पिशवी मांडीवर घेऊन पलीकडे सरकलेल्या असायच्या.

एकदा अकोल्याहून अमरावतीला येताना प्रफुलनं, म्हणजे आमच्या दिग्दर्शकानं, मागच्या सीटवरून पुढे वाकून म्हटलं, बाजी, जरा हळू बोला ना, दिवस कसे आहेत. त्याला काय म्हणायचं होतं ते आम्हा दोघींनाही कळलं. बाजीनं डोक्यावरची ओढणी नीट केली आणि आवाज आणखी चढवला.

"कावून हळू? मारणारं बनवलं असतं तं हळू बोलली असती. आमी न मारणारं बनवून राहिलो."

झालं. अर्धी बस ऐकायला लागली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "मॅडम, सुट्टे मांगा नं. आपोआप गर्दी पांगते." सगळे हसले. बाजी हसली नाही. तिनं त्याला अगदी मनापासून विचारलं, "आन जे पांगत नाई, त्यायचं काय करता?" आणि बडनेरा येईपर्यंत त्या दोघांची त्यावर गंभीर चर्चा चालली.

अशी होती बाजी. तिच्यासाठी हा विनोदाचा विषयच नव्हता. आणि शेवटी तिचं आणि मालिकेचे पैसे देणाऱ्या मुंबईच्या कंपनीचं जे वाजलं तेही याच एका गोष्टीवरून, की आमच्या मालिकेतला जोरावर नावाचा पाणीचोर मरणार की नाही. कंपनी म्हणत होती मरणार. बाजी म्हणत होती, मी आहे तोवर नाही.

पण थांबा, आधी ती आमच्यात आली कशी ते सांगते.

बाजीचं अकोल्यात चष्म्याचं दुकान. वडिलांचं होतं, मग तिचं झालं. डोळे तपासायचं रीतसर शिकलेली, वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलं नाही, घरी आई. स्वतःचा चष्मा कायम कपाळावर, आणि तो शोधताना दुकानातल्या सगळ्यांना कामाला लावायची. प्रफुल तिच्याकडे नंबर काढायला गेला होता. तिथे ती एक लोखंडी गोल फ्रेम असते ना, जिच्यात एकेक काच टाकून "आता दिसते? आता?" असं विचारतात, ती नाकावर घालून हा बसलेला. बाजीनं विचारलं, काय काम करता. यानं उत्साहात मालिकेचा पहिला भाग सांगितला. राखणदाराकडे एक बंदूक आहे, तिची गोळी लागली की माणूस फक्त बेशुद्ध पडतो.

बाजीनं काच बदलली. "किती वेळ बेशुद्ध?"

असेल अर्धा तास, प्रफुल म्हणाला.

"सत्तर किलोच्या माणसाले अर्धा तास, तं वीस किलोच्या पोराले किती?"

तिनं आणखी एक काच टाकली. "आन आधीच दम्याचा असन तं? पोटावर पडला, तोंड मातीत गेलं, तं?" मग म्हणाली, "बोर्ड आता साफ दिसून राहिला तुमाले. गोष्ट काही साफ दिसून नाई राहिली."

तो चष्म्यासोबत तिलाही घेऊन आला, असं आम्ही म्हणायचो.

मग दर आठवड्याला दुकान बंद असेल त्या दिवशी ती अमरावतीला यायची, आमच्या रेकॉर्डिंगच्या, गाद्या भिंतीला ठोकलेल्या खोलीत. मी संवाद लिहायचे. फार वेगानं लिहायचे, आणि बाजी त्याहून वेगानं खोडायची. तिची कामाची एक पद्धत होती. कुठलंही नवीन हत्यार सुचलं की ती आधी त्याचं नाव, रूप, आवाज काही लिहू द्यायची नाही. आधी ते ज्याला लागलं त्याची दुसऱ्या दिवसाची सकाळ लिहायची. तो उठला का? लोटा उचलता येतो का? सुईत दोरा ओवता येतो का? पोराला कडेवर घेता येतं का? त्या सकाळी कुठे अडलं की हत्यार रद्द. मी एकदा जवसाच्या बुळबुळीचं एक भारी हत्यार काढलं होतं. जवस भिजवला की कसा चिकट होतो, तसं चिकट पाणी रस्त्यावर फवारायचं, सगळे चोर धपाधप घसरतात. आम्ही हसून हसून बेजार. बाजीनं शांतपणे विचारलं, "चोरायच्या टोळीत म्हातारं कोणी नाई का?" मी म्हटलं, असेल की एखादं. "मंग त्याचं खुब्याचं हाड मोडलं. सहा महिने खाटेवर. खाटेवरच गेलं. हे तं तू मारलंच नं वं त्याले, फक्त सावकाश." खोडलं.

मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. गोष्ट आहे, त्यात एवढं काय. पण ती स्वतःलाही सूट द्यायची नाही. झटका काठी बनवायची होती तेव्हा ती आम्हाला भातकुलीला घेऊन गेली, प्रफुलच्या काकांच्या शेतावर. तिथे रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलेलं होतं. बॅटरीवरचं, टक्, टक्, टक् असा आवाज करत असतं. काकांनी समजावून सांगितलं की दोन झटक्यांच्या मधे जो रिकामा वेळ असतो त्यात जनावर सुटून पळतं, म्हणून ते मरत नाही. आणि काही दीडशहाणे थेट खांबावरची लाईन तारेत सोडतात, त्यात मात्र माणसंसुद्धा जातात. बाजीनं हे ऐकलं, चप्पल नीट घातली आणि तारेला हात लावला.

तिचा श्वास अडकला. डोळे मोठे झाले. मग हात झटकत म्हणाली, "मोनाली, तू काय लिवलं होतं? अंगात वीज सळसळली? काही सळसळत नाई. कोपरावर कोणी हातोडा मारून पयून गेल्यावानी वाटते. ये, लाव हात."

मी लावला. प्रफुलनंही लावला, आणि काकांच्या देखत जे बोलला ते मी इथे लिहू शकत नाही. बाजी खूश. म्हणाली, हाच आवाज पाहिजे, आधी गप्प, मग शिवी. मालिकेत झटका काठी लागल्यावर सगळे चोर आधी गप्प होतात आणि मग शिवी देतात, ते त्या दिवशीचं आहे. आणि काठीचं मुख्य काय ते तिनं तिथेच बांधावर ठरवलं: या हत्याराचा खरा भाग झटका नाही, मधली सुटायची जागा आहे. "जे सोडते तेच आपलं हत्यार. जे सोडत नाई ते मारणाऱ्यायचं."

पण ती काही संत नव्हती हां. चुकायचीही, आणि चुकली की दणक्यात चुकायची. वासाचं हत्यार तिचं स्वतःचं. तिचं म्हणणं होतं की घाण वासानं जगातला कोणताही माणूस मागे सरकतो, कुणाला इजा नाही, सकाळी उठून अंघोळ केली की संपलं. प्रयोग करायचाच म्हणून तिनं आमच्या खोलीच्या मागच्या पडवीत शेगडी मांडली. सुकट, ठेचलेला लसूण, हिंग, करपवलेला कांदा, वरून मूठभर लाल मिरच्या. मला वाटलं आता बिल्डिंग रिकामी होणार. मुंबईत झाली असती. आमच्याकडे वरच्या मजल्यावरचे टेलरकाका खाली आले आणि म्हणाले, भाकरी मी आणतो. त्यांच्यामागून त्यांचे दोन कारागीर. मग घरमालकीण, ती शाकाहारी, तिनं फक्त वास घेतला आणि म्हणाली, हिंग जरा जास्त झालं. बाजी पळी हातात धरून उभी. अमरावतीत येऊन अमरावतीकरांना तिखटानं पळवायला निघाली होती.

तिनं ती फजिती लपवली नाही, तशीच भागात टाकली. राखणदार धरणावरून वासाचा गोळा सोडतात आणि खालचे चोर पळायच्या ऐवजी थाळ्या घेऊन जवळ येतात. तो भाग लोकांना इतका आवडला की मला बाजारात ओळखीच्या लोकांनी थांबवून सांगितलं. जोरावर पहिल्यांदा त्याच भागात येतो. तो एकटाच असतो जो जेवत नाही, लांब उभा राहून बघत असतो.

आता ते डोळ्यांचं सांगते, कारण त्याशिवाय बाजी कळणार नाही.

कंपनीतून आमच्याशी बोलणारे सौरभ सर होते. मुंबईचे, सभ्य, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी सुचवलं की राखणदारांना एक प्रकाशाची बंदूक द्या, डोळ्यांवर मारली की तात्पुरतं आंधळेपण, दोन तासांत सगळं ठीक. प्रफुलला कल्पना आवडली. तो ती घेऊन अकोल्याला दुकानात गेला, मी सोबत होते. बाजीनं ती लोखंडी फ्रेम त्याच्या नाकावर चढवली, दोन जाडजूड काचा टाकल्या आणि म्हणाली, जा, कोपऱ्यावरून तिघांचा चहा घेऊन ये.

"बाजी, काही दिसून नाई राहिलं."

"तात्पुरतं हाय. जा."

तो गेला. मी दारातून बघत होते. पहिल्या पायरीवरच त्यानं भिंत धरली. पुढे एका स्कूटरला धडकला, स्कूटरवाल्यानं दोन शब्द सुनावले, तर हा चुकीच्या दिशेला तोंड करून माफी मागत होता. चहाच्या दुकानात त्यानं दिलेली नोट कुठली होती ते त्याला आजही माहीत नाही. परत आला तेव्हा शर्टावर चहा आणि कपाळाला घाम. त्यानं फ्रेम काढली आणि मुकाट्यानं काउंटरवर ठेवली. तेव्हा बाजीनं सांगितलं, एकदाच, पुन्हा कधी नाही. शेंदूरजनाघाटकडच्या एका संत्र्याच्या बागेतली मुलगी होती. माकडं हाकलायला प्लास्टिकच्या पाईपाची तोफ करतात, आत कार्बाईड टाकून मोठ्ठा आवाज काढतात. तोफ उडाली नाही म्हणून ती वाकून आत बघायला गेली, आणि नेमकी तेव्हाच उडाली. घरच्यांना वाटलं नंबर वाढला असेल, चष्म्यानं काम होईल, म्हणून आधी बाजीच्या दुकानात आणली.

"मी काचावर काचा टाकून पायल्या," बाजी म्हणाली. "तिचा बाप मले सारखा सांगून राहिला होता, बाई, हे तं फक्त भेव दाखवाले हाय. मारणारं नाई हाय."

प्रकाशाची बंदूक मालिकेत आली नाही. सौरभ सरांना मी काहीतरी तांत्रिक कारण कळवलं.

आणि मग शेवटचा भाग आला. प्रसंग असा होता. जोरावरनं मोठा पाईप तोडलाय, खालच्या गावांना पाणी नाही, लोक हंडे घेऊन वणवण फिरताहेत. रेवा, आमची राखणदार, त्याला धरणाच्या भिंतीवर गाठते. भिंत ओली. तो कडेवर उभा. तिच्या हातात झटका काठी. सौरभ सर व्हिडिओ कॉलवर म्हणाले, मॅम, तुमचं सगळं जग कमाल उभं राहिलंय, पण ऐकणाऱ्याला शेवटी हिशोब पूर्ण झालेला हवा असतो. रेवा काठी लावेल, तो खाली पडेल. काठीनं तो मरत नाही, पडून मरतो, म्हणजे तुमचा नियमही मोडत नाही.

बाजी म्हणाली, "कडेवर उभ्या माणसाले काठी लावली तं ते काठी नाई राहत. नियम मोडते."

मग ते दिवसभर चाललं. दुसऱ्या दिवशीही. शेवटी सौरभ सर तितक्याच सभ्यपणे म्हणाले की लिखाण कंपनीच्या मालकीचं आहे, तुम्हाला जमत नसेल तर आम्ही इथे कुणाकडून करून घेऊ, आणि पुढची मालिका प्रफुलकडे द्यायची का याचाही विचार करावा लागेल. कॉल बंद झाल्यावर प्रफुल बाजीवर घसरला. त्याला मी तसा कधीच पाहिला नव्हता. म्हणाला, ही खोली याच कामावर चालते, मोनालीचं घर चालतं, आणि तुम्ही कोणासाठी अडून बसल्या? "बाजी, गोष्ट हाय ते. खरा माणूस नाई मरून राहिला."

"खरा नाई, तं मंग त्याले मारायची येवढी घाई कायले हाय साऱ्यायले?"

"एक माणूस, बाजी. आपल्या साऱ्या मालिकेत एक."

"हो नं. येकच तं मांगून राहिले. दरवेळेस येकच मांगतात." तिनं पर्स उचलली. "माहं नाव काढा म्हणा. पण माह्या हातानं थो मरणार नाई."

त्यांनी खरंच दुसऱ्याकडून करून घेतलं. शेवटचा भाग आला, त्यात रेवानं काठी लावली, जोरावर किंचाळत खाली गेला, वर ढोल वाजले. मी बाजीच्या दुकानातच होते तेव्हा. तिनं एका कानाला इअरफोन लावून पूर्ण ऐकलं, मधे एका गिऱ्हाईकाच्या चष्म्याची दांडी घट्ट करून दिली. मग म्हणाली, "थो ओरडला. झटका लागल्यावर पह्यले कोणी ओरडत नाई. हात लावून पायला नसन त्या लिवणाऱ्यानं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, चांदूर बाजारचा बाजार कोणत्या दिवशी असतो गं?

तिला तिचा स्वतःचा शेवट भर बाजारात वाचून दाखवायचा होता. तिथून आम्हाला खूप जण ऐकायचे, म्हणून चांदूर बाजार. कंपनीचा निरोप होता की पात्रांची नावं कुठेही वापरायची नाहीत. बाजी म्हणाली, "नावं त्यायची, माणसं माही," आणि सगळ्यांची नावं बदलून टाकली. मी इथे जुनीच लिहिते, नाहीतर तुमचा गोंधळ होईल. प्रफुल येणार नाही असं मला वाटलं होतं. बाजाराच्या दिवशी सकाळी तो दोन स्पीकर गाडीत टाकून दारात उभा. माझ्याशी बोलला, बाजीशी नाही.

त्या संध्याकाळनंतर बाजी मला भेटली नाही. थोड्याच दिवसांत आईला घेऊन ती बहिणीकडे बऱ्हाणपूरला गेली, दुकान भावाच्या मुलाला दिलं. फोन केला तर दोन मिनिटं बोलते, नवीन काय लिहिते ते विचारते आणि खोडायला सुरुवात करते. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे अजून तीच आहे, त्या बाजारातली.

बाजार उठत आला होता. भाजीवाल्या उरलेली मेथी आवरत होत्या. बाजी संत्र्याच्या उलट्या कॅरेटवर बसली, हातात माईक. मी शेजारी, आवाजांसाठी टिनाचा डबा, पाण्याची बादली आणि एक खरं झटका मशीन घेऊन. लोक उभे राहिले, काही बसले. जोरावर कडेवर आला तोवर बऱ्यापैकी गर्दी झाली होती. मशीन टक् टक् करत होतं. आणि बाजीनं वाचलं की रेवानं काठी खाली ठेवली.

"अवं मार नं त्याले," मागून कुणीतरी.

मग आणखी दोघं. मग समोरचा एक कांदेवाला उठून उभा राहिला, धिप्पाड माणूस, खांद्यावर दुपट्टा. तो रागावलेलाच होता. म्हणाला, बाई, इतक्या गावायचं पाणी तोडलं त्यानं, आन तुमी सोडून राहिल्या त्याले?

बाजीनं वाचणं थांबवलं. मला वाटलं ती समजूत काढेल. ती तशी नव्हतीच.

"सोडून नाई राहिली, धरून राहिली. मारलं का सुटला थो. मले जिवंत पाहिजे. त्यानं तोडलेला पाईप कोण जोडन, त्याचा मुडदा?"

मेथीवाली एक बाई म्हणाली, हे बाकी खरं हाय, जोडाले लाव त्याले. त्यावर तिचा नवरा तिच्याशी भांडायला लागला. कुणी म्हणालं, अशा लोकांना दया दाखवली की हेच होतं. बाजी म्हणाली दया कोण दाखवून राहिलं, मी त्याच्याकडून उन्हातान्हात काम करून घेणार हाय. दोघं-तिघं सरळ उठून गेले. एकानं विचारलं, आन थो पयून गेला तं?

"पयला तं पुन्हा धरीन."

प्रफुल स्पीकरजवळ उभा होता. त्यानं कुणाकडे न बघता आवाज वाढवला.

कांदेवाला मात्र हटेना. म्हणाला, मी नाई बसत. आधी त्याले मारा, मंग बसतो.

बाजीनं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि त्याला नीट पाहिलं, दुकानात गिऱ्हाईकाला बघायची तसं.

"मंग उभे राहा," ती म्हणाली. "मरणार कोणी नाई."

तो बसला नाही. गेलाही नाही. आणि बाजीनं पुढचा सगळा भाग त्याच्या तोंडाकडे बघून वाचला.